संसार आणि साहस

भातुकलींत जिंकतें कोण, असा प्रश्न कोणा लहान मुलीस विचारला तर ती विचारणाराकडे नवलानेंच पाहील. तेथें चूल पेटते, भात शिजतो, पाहुणे येतात, बाहुलीला ताप येतो नि उतरतो. आणि संध्याकाळीं आईची हांक आली म्हणजे सारा संसार टोपलींत भरून ठेवतां येतो. ह्याच्या उलट अंगणाबाहेरचे खेळ. त्यांत गड चढावयाचा, शत्रूला गांठावयाचें, कोणी तरी हरावयाचें व कोणी तरी जिंकावयाचें. पहिला खेळ मुलींचा व दुसरा मुलग्यांचा, अशी वांटणी आपल्या घरांतून न बोलतांच होऊन गेलेली असे. गेल्या तीस वर्षांत संगणकाच्या पडद्यावर एक असा खेळप्रकार वाढला आहे कीं त्यानें ही वांटणीच मोडून टाकली. सकाळीं गाईला चारा घालणारा हातच दुपारीं तलवार घेऊन खाणींत उतरतो, आणि रात्रीं परत येऊन चुलीवर कालवण ठेवतो. इंग्रजी बोलणारे लोक ह्या खेळांस ‘कोझी’, म्हणजे ऊबदार, असें म्हणतात.

व्हिडिओ गेम म्हटला म्हणजे आपल्याकडील वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें बंदुकी, मोटारींच्या शर्यती आणि दारामागून येणारे चमत्कारिक आवाज उभे राहतात. त्यांना ह्या खेळाची हकीकत सांगितली तर प्रथम विश्वासच बसत नाहीं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा रात्रीं पडद्यासमोर बसून, शेजारच्या म्हातारीच्या वाढदिवसाला कोणतें फूल न्यावें ह्याचा विचार करीत असतो, हें ऐकून एका आजीबाईंनीं आम्हांस विचारलें, “मग तोच विचार घरांत करायला काय होतें?” प्रश्न रास्त आहे, त्याकडे आपण पुढें वळूं.

ह्या प्रकाराचें मूळ जपानांत आहे. यासुहिरो वादा हे क्यूशू बेटावरील मियाझाकी प्रांतांत वाढले आणि पुढें टोकियोस गेले. शहरांत राहतांना मागें राहिलेल्या खेड्याची किंमत त्यांना कळूं लागली, व त्या आठवणींतून त्यांनीं १९९६ सालीं ‘बोकुजो मोनोगातारी’, म्हणजे ‘कुरणाची कथा’, हा खेळ रचला. पाश्चात्य देशांत तो ‘हार्वेस्ट मून’ ह्या नांवानें गेला. त्या काळीं बहुतेक खेळांत कोणाला तरी मारल्यावांचून पुढें जातां येत नसे. ह्यांत मारावयाचें कोणालाच नव्हतें. पडीक शेत कसावें, गाय पाळावी, गांवांत ओळखी कराव्या, इतकेंच. पुढें २००६ सालीं त्याच कुळांतील ‘रून फॅक्टरी’ ह्या खेळानें शेताच्या पलीकडे गुहा आणल्या व गुहांत राक्षस आणले. पण संसाराची संवय अशी चिवट, कीं त्या राक्षसांनाही माया लावून गोठ्यांत आणून बांधावें व शेतकामाला जुंपावें, अशी सोय ठेवली.

परंतु ह्या सर्वांत अधिक लोकांच्या घरांत शिरलेला खेळ अमेरिकेंत एकाच माणसानें केला. एरिक बॅरोन ह्या तरुणानें संगणकशास्त्राची पदवी २०११ सालीं घेतली. नोकरी मिळेना, तेव्हां हात साफ करावा म्हणून त्यानें लहानपणीं आवडलेल्या ‘हार्वेस्ट मून’च्या धर्तीवर एक खेळ करावयास घेतला. तो पुरा होण्यास सुमारें साडेचार वर्षें लागलीं. चित्रें त्याचीं, संगीत त्याचें, संवाद त्याचे, यंत्राला समजणारी भाषा लिहिणाराही तोच. ह्या काळांत तो सिॲटल येथील एका नाट्यगृहांत प्रेक्षकांना जागा दाखविण्याचें काम करी, व घरखर्चाचा मोठा भार त्याची सहचारिणी उचलीत असे. २६ फेब्रुवारी २०१६ रोजीं ‘स्टारड्यू व्हॅली’ ह्या नांवानें तो प्रसिद्ध झाला, आणि २०२४ अखेर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. एकदां विकत घेतला कीं त्यांत पुन्हा पैसे मागणें नाहीं, जाहिराती नाहींत, व नंतर घातलेली मोठमोठी भर ग्राहकांस फुकट मिळाली. आजच्या बाजारांत ही सचोटी विरळाच.

कथानक अगदीं साधें आहे. मरणोन्मुख आजोबा नातवाच्या हातीं एक मोहोरबंद पाकीट देतात व जीव अगदीं मेटाकुटीस येईल तेव्हांच तें फोडावयास सांगतात. नातू मोठा होतो, ‘जोजा’ नांवाच्या एका कल्पित कंपनींत ओळीनें मांडलेल्या मेजांपैकीं एका मेजाशीं बसून असतो, आणि एके दिवशीं तें पाकीट फोडतो. आंत आजोबांच्या शेताचा हक्कलेख. तेथें जाऊन पाहतो तों सगळीकडे धोंडे, ओंडके नि माजलेलें गवत. हातांत पांच जुनीं अवजारें असतात, व गांवचा प्रमुख पार्सनिप नांवाच्या पांढऱ्या कंदाचीं पंधरा बीं भेट देतो. तीं पेरून रोज पाणी घातलें तर चार दिवसांनीं कंद उपटतां येतात.

खेळांतला एक दिवस आपल्या घड्याळानें सुमारें चौदा मिनिटांचा असतो. सकाळीं सहाला तो सुरू होतो व रात्रीं दोनच्या आंत अंथरुणावर पडावें लागतें. नाहीं तर माणूस जेथें असेल तेथें कोसळतो, कांहीं पैसे जातात व दुसऱ्या दिवशीं अंगांत त्राण कमी असतें. प्रत्येक ऋतु अठ्ठावीस दिवसांचा. ऋतु पालटला कीं मागल्या ऋतूचें पीक एका रात्रींत वाळून जातें. बुजगावणें न केल्यास कावळे येतात. (जातां जातां आईबापांसाठीं एक व्यवहाराची गोष्ट: खेळांतला माणूस निजेपर्यंत त्या दिवसाची नोंद होत नाहीं. म्हणून मुलाला “ऊठ आतां” असें मध्येंच म्हटलें तर तो चिडतो, व “हा दिवस संपला कीं ऊठ” म्हटलें तर बहुधा ऐकतो. बहुधा म्हणण्याचें कारण, दिवस संपतांच दुसरा उजाडतो आणि कालचें बीं उगवलें कीं नाहीं हें पाहण्याचा मोह फार मोठा.)

ह्या शेताच्या उत्तरेस डोंगर आहे व डोंगरांत खाण. ती एकशेंवीस मजले खोल आहे. तींत चिकट गोळ्यांसारखे प्राणी, वटवाघळें, चालते सांपळे असे नाना विघ्नकर्ते भेटतात. आमच्या मतें ह्या खेळाचें मर्म शेतांतही नाहीं आणि खाणींतही नाहीं. तें त्या दोहोंमधील पायवाटेंत आहे. नुसत्या लढाईच्या खेळांत वीर एक खिंड जिंकून दुसरीकडे जातो. त्याला घर नसतें, असलें तर कथेच्या आरंभींच जळालेलें असतें. येथें माणूस खाणींत उतरतो तो तांबें व लोखंड हवें म्हणून. तें आणून भट्टींत वितळवावें व त्याचा पाण्याचा फवारा करावा, म्हणजे सकाळचें झारीनें पाणी घालणें वाचतें, आणि वाचलेल्या वेळांत पुन्हा खाणींत उतरतां येतें. जातांना बरोबर नेलेली शिदोरी आपल्याच शेतांत पिकलेली असते. साहसाला घरचें निमित्त असतें, आणि घराला साहसाची मिळकत. पराभव झाला तरी मरण नाहीं. कोणी तरी उचलून आणतें, माणूस शुद्धीवर येतो, थोडे पैसे नि पिशवींतल्या कांहीं वस्तु हरवलेल्या असतात. घड्याळाकडे पाहत, आणखी एक मजला उतरावा कीं परत फिरावें असा जो जीव वरखालीं होतो, त्यांत भीति आहे. पण ती दिवेलागणीला घर गांठण्याची भीति आहे.

आतां गांवची माणसें. त्यांचा लोभ संपादन करण्याची रीत आपल्या आजीला सहज समजेल अशी आहे: भेटल्यावर बोलावें, कोणाला काय आवडतें हें लक्षांत ठेवावें, वाढदिवस चुकवूं नये. आठवड्यांतून दोनच भेटी देतां येतात, म्हणून पैशाच्या जोरावर एका दिवसांत कोणाचा स्नेह विकत घेतां येत नाहीं. हळूहळू दारें उघडतात, तेव्हां दिसतें कीं हें गांव कांहीं नंदनवन नव्हे. लिनस नांवाचा एक मनुष्य तंबूंत राहतो व रात्रीं लोकांच्या उकिरड्याच्या डब्यांतून अन्न शोधतो. एका घरचा कर्ता पुरुष युद्धावर गेलेला आहे. तो दुसऱ्या वर्षाच्या वसंताच्या पहिल्या दिवशीं परत येतो. त्याची बायको कौतुकानें मक्याच्या लाह्या फोडते, आणि त्या तडतडीनें त्या शिपायाला रणांगण आठवून तो भांबावतो. हा प्रसंग मिनिटभराचा आहे. पण अनेक कादंबऱ्यांत ह्याहून कमी सांगितलेलें असतें. उन्हाळ्यांत एक गांवजेवण होतें, त्यांत एकाच मोठ्या हंड्यांत ज्यानें त्यानें कांहीं तरी घालावयाचें व बाहेरगांवचा पाहुणा तें चाखतो. तुम्हीं नासकें कांहीं घातलें तर सगळ्या गांवाचें तोंड वाईट होतें.

ह्या खेळावर पहिला आक्षेप असा, कीं ही शेती खोटी आहे. ती खोटी आहेच. तेथें संध्याकाळीं पेटींत टाकलेला माल उजाडतां उजाडतां ठरलेल्या भावानें विकला जातो. हजार भोपळे आणले तरी भाव पडत नाहीं. सावकार नाहीं, दलाल नाहीं, पाऊस रुसत नाहीं. मराठवाड्यांतील एखाद्या शेतकऱ्यानें हें पाहिलें तर तो हंसेल, आणि त्याचें हंसणें योग्यच होईल. परंतु खेळणारा शेतीसाठीं तेथें जातच नाहीं. तो जातो तो कामाचें फळ डोळ्यांनीं पाहावयास. आज आपल्या घरांतलीं किती तरी मुलें-मुली दहा-दहा तास संगणकापुढें अशा कामाचा एक तुकडा करीत असतात, कीं त्याचें अखेर काय झालें हें त्यांना कधींच दिसत नाहीं. आजोबा विचारतात, “आज काय केलेंस?” आणि उत्तर देतां येत नाहीं. पंधरा बीं पेरलीं, पंधरा उगवलीं, हें मात्र सांगतां येतें. त्या आजीबाईंच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आहे. उरलेलें अर्धें देणें अवघड आहे: खऱ्या घरांतील माणसांस काय आवडतें हें पडद्यावर लिहून येत नाहीं, आणि भेट नेल्यावर स्नेह किती वाढला हें दाखविणारीं बदामेंही नसतात. खेळ सोपा आहे तो ह्यामुळेंच. त्यांत दाखविलेला धीर घरांत कोणी वापरतो कीं नाहीं हें ज्या त्या घरानें पाहावें.

आम्हांस ह्याहून मोठा दोष दुसरा वाटतो. कचेरीला कंटाळून शेतावर गेलेला माणूस थोड्याच दिवसांत शेताची कचेरी करूं लागतो. कोणतें पीक दर दिवशीं किती नफा देतें ह्याचे तक्ते तयार होतात. कोंबड्या निघून जातात व त्या जागीं छपऱ्या उठतात, छपऱ्यांतून द्राक्षासवाच्या पिंपांच्या रांगा लागतात. मग गांवच्या म्हातारीकडे जाणें म्हणजे वेळेचा अपव्यय वाटूं लागतो. गांवांत ‘जोजा’चेंही दुकान आहे. पांच हजार मोहरा भरून त्याचें सभासद झालें कीं गांवच्या मोडक्या समाजमंदिराचें गोदाम होतें, व सुधारणा रोकड मोजून विकत घेतां येतात. नाहीं तर ऋतूऋतूचें धान्य, फळें, मासे, खनिजें एकेक करून आणून तें समाजमंदिर पुन्हा उभें करावें लागतें. खेळ कोणालाही अडवीत नाहीं. ज्याचा तो जाणे.

एकत्र कुटुंबांतील वाचकांस आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. २०१८ पासून हें शेत अनेकांनीं मिळून कसतां येतें, आणि २०१९ सालच्या सुधारणेपासून तिजोरी एकत्र ठेवावी कीं विभक्त, हें ठरवितां येतें. गांवप्रमुखाच्या घरीं एक खातेंवही आहे. तींत इच्छा नोंदविली कीं रातोरात वांटणी होते, आणि वाटलें तर पुन्हा एकत्रही होतां येतें. आमच्या परिचयाच्या एका घरांत तीन चुलत भावंडें नि त्यांची काकू असें शेत करीत होतीं. धाकट्यानें सर्वांस न विचारतां सामायिक पैशांतून एक महागडी तलवार घेतली, त्या दिवशीं बियाण्याला पैसे उरले नाहींत, आणि विभक्त होण्याची भाषा निघाली. काकूंनीं वहीला हात लावूं दिला नाहीं. तीन दिवस धाकट्यानें खाणींतून तांबें आणून भरपाई केली.

तिसरें वर्ष उजाडतें त्या दिवशीं आजोबांचा आत्मा शेतावर येतो व नातवानें काय केलें ह्याचा हिशेब घेतो. एकूण गुण एकवीस. त्यांपैकीं सात पैशाच्या मिळकतीचे आहेत. समाजमंदिर पुरें केलें त्याचे तीन. गांवांतल्या माणसांच्या स्नेहाचे दोन. लग्न करून घर वाढविलें त्याचा एक. पाळलेल्या कुत्र्यानें वा मांजरानें जीव लावला त्याचाही एक. बाकीचे कसब, मासेमारी, पदार्थसंग्रहालय, खाणींतला पराक्रम अशा नाना गोष्टींचे. बारा गुण झाले कीं शेताच्या कोपऱ्यांतील त्यांच्या स्मृतिस्थानीं चारही मेणबत्त्या पेटतात. सातांवर पुष्कळांचा भर असतो व ते एखाद-दोन मेणबत्त्यांवरच अडून राहतात. निकाल पटला नाहीं तर त्या स्मृतिस्थानीं एक हिरा ठेवावा. आजोबा पुन्हा येतात आणि पहिल्यापासून मोजतात. हिरा मात्र बहुधा खाणींतूनच आणावा लागतो.