अशोकाचे बी आणि हिरड्याची आठळी

अशोकारिष्ट करणाऱ्या प्रत्येक औषधनिर्मात्यास सालीची चिंता ठाऊक आहे. बाजारात अशोकसाल म्हणून जे येते, त्यात पुष्कळदा आसुपालवाची साल मिसळलेली असते. खरा सीता-अशोक सह्याद्रीत विरळ झाला आहे. म्हणून आम्ही औषधालयामागील मोकळ्या जागेत अशोक लावण्याचे ठरविले.

पहिल्या खेपेस फसलो. पावसाळ्याच्या तोंडी शेंगांतून काढलेले बी खडखडीत वाळवून काचेच्या बरणीत बंद केले आणि पुढील जूनमध्ये पेरले. एकही कोंब आला नाही. वैद्याची सवयच ती! द्रव्य वाळले म्हणजे टिकले, असे आपण धरून चालतो. अशोकाच्या बीजाचा प्राण मात्र त्याच्या ओलाव्यात असतो. तो आटला की आतील गर्भ मरतो. शेंग उकलू लागताच बी काढावे व त्याच आठवड्यात माती, वाळू आणि शेणखताच्या पिशवीत, सावलीत पेरावे. साधारण तीन आठवड्यांत कोंब दिसतो. परगावी धाडायचे झाल्यास ओलसर भुशात ठेवावे, हवाबंद करू नये.

हिरड्याचे याच्या उलट. गर काढून वाळविलेली आठळी वर्षभर सुखाने राहते, परंतु कवच टणक असल्याने रुजण्यास फार विलंब लावते. रुंद टोकाकडील कवच गर्भास इजा न होता छाटून ती ३६ तास थंड पाण्यात भिजवावी. बेहडा एवढे आढेवेढे घेत नाही. नुसता भिजविला तरी पुरतो.

दुसऱ्या खेपेची आमची अकरा रोपे आज कमरेइतकी आहेत. साल काढण्याजोगा बुंधा बहुधा आमच्यानंतरच्या वैद्यास मिळेल.