शांत पाण्याची घडण : लक्षद्वीपची खारकच्छे आणि पाण्याखालची पहिली बुडी

केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० ते ४४० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात विखुरलेल्या लक्षद्वीप बेटांची सारी जमीन एकत्र केली, तरी ती जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते. या बेटांना बिलगून असलेल्या उथळ जलाशयांचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. भूगोलाच्या परिभाषेत अशा जलाशयाला खारकच्छ म्हणतात. प्रवाळ नावाचे, बहुधा काही मिलिमीटर आकाराचे प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन सांगाडे रचतात, त्या सांगाड्यांच्या थरांवर थर चढून प्रवाळभित्ती उभी राहते आणि ही भित्ती ज्या पाण्याला खुल्या समुद्रापासून अलग करते ते खारकच्छ होय. उबदार, पारदर्शक आणि जवळजवळ निस्तरंग असलेले हे पाणी स्कूबा डायव्हिंग, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली केलेला संचार, शिकणाऱ्या नवख्या माणसाला सर्वांत सोयीचे ठरते. पर्यटनाच्या प्रचारात ही शांतता निसर्गाची आयती देणगी म्हणून मांडली जाते. परंतु ती सजीवांनी बांधलेली आणि त्यांनीच सतत दुरुस्त करत ठेवलेली रचना आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचे लाभ कळत नाहीत, तशाच तिच्या मर्यादाही कळत नाहीत.

बुडत्या पर्वतावरची वाढती भित्ती

लक्षद्वीपची बहुतेक बेटे कंकणद्वीप या प्रकारात मोडतात. मध्ये खारकच्छ, भोवती कड्यासारखी वळलेली भित्ती आणि त्या भित्तीच्या एखाद्या भागावर साचलेल्या वाळूचे चिंचोळे बेट, अशी त्यांची ठेवण असते. खोल महासागराच्या मधोमध अशी कडी कशी तयार होतात, याचे समाधानकारक उत्तर चार्ल्स डार्विनने दिले. १८३६ साली हिंदी महासागरातील कोकोस (कीलिंग) बेटांना भेट दिल्यानंतर १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले, की ज्वालामुखी बेटाच्या कडेने आधी अनुतट, म्हणजे किनाऱ्याला लागून असलेली भित्ती वाढते. बेट हळूहळू खचू लागले की किनारा व भित्ती यांच्यात पाणी शिरून ती रोधक भित्ती बनते. आणि शेवटी पर्वत पूर्णपणे बुडाला तरी प्रकाशाच्या दिशेने वर वाढत राहिलेले प्रवाळाचे कडे तेवढे पृष्ठभागाशी उरते. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटॉक या कंकणद्वीपावर खोल छिद्रे पाडण्यात आली, तेव्हा सुमारे १,४०० मीटर जाडीच्या चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक सापडला आणि डार्विनच्या तर्काला भक्कम पुरावा मिळाला.

लक्षद्वीपच्या पायाशी महाराष्ट्राचेही भूशास्त्रीय नाते आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या रियुनियन तप्तस्थळाच्या, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येणाऱ्या जागेच्या, उद्रेकांतून दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट साचला, त्याच तप्तस्थळावरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांना जोडणारी सागरतळावरील डोंगररांग घडत गेली, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. सह्याद्रीचा काळा कातळ आणि लक्षद्वीपच्या कदमत बेटाची पांढरी वाळू यांचा इतिहास अशा रीतीने एकाच ठिकाणी जाऊन पोहोचतो.

लाट अडते कुठे

खारकच्छातील शांततेचे कारण भित्तीच्या माथ्यावर आहे. खोल समुद्रातून आलेली लाट या उंचवट्यावर चढताना फुटते आणि तिची ऊर्जा खडबडीत पृष्ठभागावर घासून खर्च होते. जगभरच्या मोजमापांचा एकत्रित अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रवाळभित्ती लाटांची ऊर्जा सरासरी ९७ टक्क्यांनी कमी करते आणि त्यातील फार मोठा वाटा एकट्या माथ्याचा असतो. लक्षद्वीपमध्ये बेटे प्रायः भित्तीच्या पूर्वेकडील भागावर असून खारकच्छे पश्चिमेला पसरली आहेत, त्यामुळे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा आधी पश्चिमेच्या भित्तीवर आदळतात. तरीही पावसाळ्यात ही भित्ती पुरेशी ठरत नाही, म्हणून डायव्हिंगचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच चालतो. अंद्रोत बेटाला तर नाव घेण्याजोगे खारकच्छच नाही. त्यामुळे एकाच द्वीपसमूहातील सर्व बेटे नवशिक्यांना सारखीच सोयीची असतील, असे गृहीत धरता येत नाही.

भित्तीचा माथा पृष्ठभागापर्यंत पोहोचला नाही तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या समोरच आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा प्रवाळांनी समृद्ध, बुडालेला उंचवटा विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर आहे. पण त्याचा माथा वीसेक मीटर खोल असल्याने तो लाट अडवू शकत नाही आणि त्याच्यावरचा समुद्र खुलाच राहतो. प्रशिक्षण संस्थांनी प्राथमिक प्रमाणपत्रधारकांसाठी घातलेली सर्वसाधारण मर्यादा १८ मीटरची असल्याने ते क्षेत्र अनुभवी पाणबुड्यांचेच ठरते. उलट, मराठी पर्यटकांपैकी अनेकांची पहिली बुडी ज्या मालवणात होते, तेथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडक काही आडोसा देतात, मात्र नद्यांनी आणलेल्या गाळामुळे पाण्याची पारदर्शकता लक्षद्वीपच्या तुलनेत कमी असते आणि तेथील प्रवाळही गढूळपणा सहन करू शकणाऱ्या जातींचे आहेत.

खारकच्छातही एक जागा नवख्यांनी टाळायची असते. भरतीच्या वेळी भित्तीवरून आत आलेले पाणी ओहोटीला भित्तीतील मोजक्या खिंडारांतून बाहेर पडते. अशा खिंडारापाशी, वर पाणी सपाट दिसत असतानाही, खाली माणसाला ओढून नेणारा प्रवाह असू शकतो. त्यामुळे जाणते प्रशिक्षक नवख्यांना भित्तीच्या आतल्या बाजूच्या, वाळूचा तळ असलेल्या पाण्यात ठेवतात.

उथळ पाण्याचे कठोर गणित

शांत आणि उथळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी, ही समजूत भौतिकशास्त्राला मान्य नाही. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब एक एकक धरला, तर दर दहा मीटर खोलीला त्यात आणखी एका एककाची भर पडते. म्हणजे पहिल्या दहा मीटरांतच दाब दुप्पट होतो, तर तीस मीटरवरून चाळीस मीटरवर जाताना तो केवळ एक चतुर्थांशाने वाढतो. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेल्या नियमानुसार, तापमान तेच राहिल्यास वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. परिणामी शरीरातील हवेच्या पोकळ्यांवर सर्वाधिक तीव्र बदल नेमके नवशिक्यांच्या खोलीत घडतात.

याचा पहिला अनुभव कानाला येतो. खाली जाताना कानाचा पडदा आत दाबला जातो आणि नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारत मध्यकर्णातील दाब बरोबरीला आणला नाही, तर दुखापत होते. नवशिक्यांमध्ये सर्वाधिक आढळणारी इजा हीच आहे. दुसरा नियम त्याहून गंभीर आहे : टाकीतून श्वास घेणाऱ्याने श्वास कधीही रोखून धरायचा नाही. फुप्फुसे पूर्ण भरलेली असताना श्वास धरून माणूस अवघा एक-दीड मीटर वर आला, तरी प्रसरण पावणाऱ्या हवेने फुप्फुसाच्या ऊती फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात आणि ते मेंदूकडे गेल्यास जीव धोक्यात येतो. पोहण्याच्या तलावात श्वास रोखण्याची लागलेली सवय येथे मोडावी लागते.

हा श्वास शक्य करणारे उपकरण म्हणजे रेग्युलेटर. टाकीतील सुमारे २०० बार दाबाची हवा पाणबुड्याच्या भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतकी उतरवून, तो श्वास ओढेल तेव्हाच ती पुरवणारी झडप जाक-इव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये सिद्ध केली. हवा भोवतालच्या दाबानेच मिळत असल्यामुळे ती खोलीबरोबर अधिक वेगाने संपते. १२ लिटर आकारमानाच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. सुरक्षेसाठी ५० बार राखून ठेवल्यास १,८०० लिटर उरते. आणि पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला दहा मीटरवर दुप्पट, म्हणजे ४० लिटर लागत असल्याने ही हवा ४५ मिनिटे पुरते. घाबरलेला माणूस जलद श्वास घेतो, त्यामुळे त्याची टाकी याहून लवकर रिकामी होते. शांत पाण्याचा खरा उपयोग असा, की ते श्वासाची लय बिघडवणारी एक मोठी बाब दूर ठेवते.

प्रमाणपत्राशिवाय, प्रशिक्षकाच्या थेट देखरेखीखाली करावयाच्या परिचयात्मक बुडीची मर्यादा सामान्यतः १२ मीटर असते. त्यापूर्वी दमा, हृदयविकार, कानाचे विकार आदींबाबत आरोग्यविषयक प्रश्नावली प्रामाणिकपणे भरणे आवश्यक असते. दाबाखाली ऊतींमध्ये विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ लागत असल्याने एकाच बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा संकेत आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाहून विमानाने कोचीला परतणाऱ्यांनी आपला कार्यक्रम त्यानुसार आखायला हवा.

तरंगण्याची विद्या आणि भित्तीचे रक्षण

नवशिक्याने आत्मसात करावयाचे मुख्य कौशल्य म्हणजे तटस्थ प्लवन, अर्थात वरही न जाणे आणि खालीही न बुडणे. कमरेचे वजन, अंगावरील जाकिटात भरलेली हवा आणि श्वासाची खोली यांचा मेळ घालून ते साधते. ज्याला ते साधले नाही तो हातपाय मारतो, हवा वाया घालवतो आणि पायातील फिनांनी प्रवाळाच्या फांद्या मोडतो किंवा त्यांवर वाळू उडवतो. फांद्यांचे प्रवाळ अनुकूल स्थितीत वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वाढतात, परंतु घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटरच वाढतात. त्यामुळे क्षणभराच्या धक्क्याची भरपाई व्हायला कित्येक वर्षे जातात. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे आणि त्यांचा तुकडाही उचलणे गुन्हा आहे.

या उथळ पाण्यातील जीवन परस्परावलंबी आहे. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषणाने त्याला अन्न व रंग देतात. पोपटमासे प्रवाळखडक खरवडून शैवाल खातात आणि पचनानंतर बाहेर टाकलेल्या चुन्याच्या कणांनी पुळणींच्या वाळूत भर घालतात. लक्षद्वीपचे मच्छीमारही खारकच्छावर विसंबून आहेत. ते तेथील लहान मासे जिवंत पकडतात आणि खुल्या समुद्रात आमिष म्हणून फेकून गळाच्या काठीने कुपा, म्हणजे ट्यूना, धरतात.

शांततेची किंमत

पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल मर्यादेपेक्षा एखाद्या अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्यातील शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. या विरंजनाचे मोठे आघात लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ साली सोसले, तर २०२४ साली ते पुन्हा व्यापक प्रमाणावर नोंदवले गेले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील दीर्घकालीन निरीक्षणांत १९९८ पासूनच्या २४ वर्षांत जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले आहे. मृत सांगाडा काही काळ उभा राहतो व लाटही अडवतो, परंतु पोखरणारे जीव आणि वादळे त्याला झिजवतात. झीज वाढीपेक्षा अधिक झाली, तर माथा खचतो आणि लाट खारकच्छात शिरू लागते.

जानेवारी २०२४ मधील पंतप्रधानांच्या भेटीनंतर लक्षद्वीपकडे पर्यटकांचे लक्ष मोठ्या प्रमाणात वळले आहे. समुद्राच्या तापण्यावर एखाद्या बेटाचे नियंत्रण नाही. मात्र सांडपाणी, नांगर, बेसुमार मासेमारी आणि अर्धशिक्षित पाणबुडे यांवर नियंत्रण ठेवता येते, आणि आघातानंतर सावरण्याची भित्तीची क्षमता बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते. म्हणून नवशिक्यांच्या डायव्हिंगसाठी किती माणसे, कोणत्या जागी आणि किती प्रशिक्षणानंतर पाण्यात उतरवावीत, हे ठरवताना हॉटेलांच्या खोल्या मोजण्याआधी भित्तीवरील जिवंत प्रवाळांचे प्रमाण मोजले गेले पाहिजे. कारण ज्या सुरक्षिततेसाठी नवखा माणूस तेथे येतो, ती पुरवण्याचे काम ही भित्ती करते आणि तिची जागा घेईल असे दुसरे बांधकाम कोणत्याही शासनाला परवडणारे नाही.