सरासरी आणि भार

सरासरी काढण्यास सांगितले की विद्यार्थी दिलेल्या संख्यांची बेरीज करतो आणि त्या जितक्या असतील तितक्यांनी भागतो. ही रीत चुकीची नव्हे. परंतु ती कोठे लागू पडते हे त्यास सांगितलेले नसते, म्हणून तो ती सर्वत्र वापरतो. पुष्कळदा शिक्षकांच्या हातूनही हेच घडते. समजा, सहावीच्या वर्गात ४० मुले असून उपस्थिती शेकडा ९० आहे, आणि सातवीत १० मुले असून ती शेकडा ५० आहे. दोहोंची सरासरी म्हणून पत्रकाच्या तळाशी शेकडा ७० हा आकडा लिहिला जातो. प्रत्यक्षात ३६ व ५ मिळून ४१ मुले, म्हणजे शेकडा ८२ हजर असतात. शाळेने आपल्याच हाताने आपली उपस्थिती कमी दाखविली! याउलट, मोठ्या वर्गाची उपस्थिती शेकडा ५० व लहान वर्गाची ९० असती, तर ५० पैकी केवळ २९ मुले, म्हणजे शेकडा ५८ हजर असती. आणि पत्रकात आकडा तोच, ७०. ही दुसरी चूक अधिक घातक होय, कारण तिच्याआड गैरहजर मुले झाकली जातात.

येथे बेरीज चुकली नाही, भागाकारही चुकला नाही. एक संख्या चाळीस मुलांच्या वतीने बोलते, दुसरी दहांच्या; दोघींना सारखेच मत दिले, हा दोष. संख्या जितक्यांच्या वतीने उभी असेल, तितका तिचा ‘भार’. प्रत्येक संख्येस तिच्या भाराने गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी व तीस भारांच्या बेरजेने भागावे, म्हणजे भारित सरासरी मिळते. सर्व भार समान असले की नेहमीची सरासरी येते. वारंवारता सारणीवरून मध्य काढताना विद्यार्थी हेच करतो. तेथे वारंवारता हाच भार असतो.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) सुवर्णगणिताचे एक उदाहरण आहे, ते वर्गात अवश्य घ्यावे. सोन्याचे चार तुकडे : १३ कसाचे १० मासे, १२ कसाचे ४ मासे, ११ कसाचे २ मासे आणि १० कसाचे ४ मासे. (मासा हे सोनाराचे जुने वजन, मुलांच्या डोळ्यांपुढे नदीतला मासा येतो, तेव्हा हे आधी सांगावे.) सर्व एकत्र वितळविल्यास कस कोणता? नुसत्या कसांची बेरीज ४६, तिला चाराने भागून साडेअकरा येतात. परंतु १३० + ४८ + २२ + ४० = २४०, आणि सोने एकंदर २० मासे; म्हणून खरा कस १२. उत्तम सोनेच अधिक असल्यामुळे सरासरी त्याच्याकडे ओढली गेली. पुढे हेच सोने तापवून हीण जळाले व १६ मासे उरले, तर कस २४० भागिले १६, म्हणजे १५ होतो.

उत्तराचा ताळा तराजूसारखा घ्यावा. १३ हा १२ पेक्षा एकाने अधिक, असे १० मासे : १०. खालच्या बाजूस ११ एकाने उणा, २ मासे : २, १० दोनाने उणा, ४ मासे : ८. दोन्ही पारडी दहा-दहा. साडेअकरा घेऊन हाच ताळा करावयास सांगितल्यास पारडे कोणीकडे झुकते, ते मुलांना दिसते. सूत्र फळ्यावर त्यानंतर लिहावे; आधी लिहिल्यास ते पाठ होते आणि विचार तेथेच थांबतो.

एक अडचण मात्र पुढे येते. गुणावयाचा भार कोणता, हे प्रत्येक उदाहरणात उघड नसते. सायकलस्वार ३० किलोमीटर ताशी १५ च्या वेगाने जातो व त्याच वाटेने ताशी १० च्या वेगाने परततो. जाण्या-येण्याचे अंतर सारखे पाहून विद्यार्थी सरासरी वेग साडेबारा सांगतात. परंतु ताशी वेगाचा भार अंतर नव्हे, तास होय : जाताना २, येताना ३. ६० किलोमीटर ५ तासांत, म्हणून १२. हे लगेच सांगू नये. साडेबाराच्या वेगाने ५ तासांत किती अंतर कापले जाईल, एवढेच विचारावे. उत्तर साडेबासष्ट येईल. वाट तर साठच किलोमीटरची. मग हे अडीच किलोमीटर कोठून आले, ते मुलांनाच शोधू द्यावे.