साक्षगंध, संशय आणि एक पांढरा डाग

तुळशीचे लग्न आटोपले की बाळापुरात सोयरिकीच्या बैठका सुरू होतात. मोबाइलवर बायोडाटा फिरतो. त्यात उंची, शिक्षण, नोकरी, मामेकुळ आणि त्याखाली ‘वर्ण : निमगोरा’ अशी एक ओळ. दोन्हीकडून पसंती होते, साक्षगंधाची तारीख निघू लागते आणि घरातली एखादी आत्याबाई मध्यस्थाला बाजूला घेऊन हळूच विचारते, ‘‘भाऊ, पोरीच्या अंगावर कुठी डाग त नाई ना?’’

हा डाग म्हणजे भाजल्याचा व्रण नव्हे. आत्याबाईंना कोड म्हणायचे असते, पण तो शब्द तोंडातून काढायचीही भीती वाटते. मुलाबद्दल हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

याच भीतीवर मराठीत एक चित्रपट आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ २००६ साली आला. देविका दफ्तरदार यांनी त्यात अंगावर कोड असलेल्या तरुण डॉक्टरची भूमिका केली आहे. बरोबर काम करणारा तरुण तिच्या प्रेमात पडतो. त्याला डागांचे काही वाटत नाही, खरी परीक्षा त्याच्या घरच्यांची होते. शिकलेली, सुधारलेली माणसेही घरात सून यायची म्हटल्यावर कशी चाचरतात, हे चित्रपट दाखवतो. कोड असलेल्यांसाठी पुण्यात ‘श्वेता असोसिएशन’ ही संस्था काम करते. ती उभी करणाऱ्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. ‘नितळ’मागची प्रेरणाही त्यांचीच.

हॉलिवूडचा ‘लव्ह अँड अदर ड्रग्ज’ (२०१०) हाही प्रेम आणि आजाराचाच चित्रपट. त्यातले दोघे कसलेही बंधन नको म्हणून एकत्र येतात आणि नकळत प्रेमात पडतात. तिला सव्विसाव्या वर्षीच पार्किन्सन जडलेला आहे. तो आजार वाढत जाणारा, हातपाय परस्वाधीन करणारा. त्यामुळे साथ द्यायची की नाही, हा त्या तरुणापुढचा प्रश्न अवघड असतो. कोडाचे तसे नाही. कोडाने हातपाय लुळे पडत नाहीत, आयुष्य कमी होत नाही, संसार किंवा बाळंतपण यांत अडचण येत नाही. तरीही आपल्याकडे लग्ने मोडतात ती या आजाराने.

कोड म्हणजे काय?

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य ठरावीक पेशी तयार करतात. शरीराचीच प्रतिकारशक्ती चुकून या पेशींना शत्रू समजून नष्ट करते, तेव्हा तेवढा भाग दुधासारखा पांढरा पडतो. जगात शंभरातल्या साधारण एकाला कोड असते. ते स्त्री-पुरुषांत सारखेच आढळते. निम्म्या रुग्णांत त्याची सुरुवात विसाव्या वर्षाच्या आत होते. म्हणजे डाग दिसू लागतात तेव्हा घरात लग्नाचा विषय फार दूर नसतो.

कोड स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, कपड्यांतून किंवा शरीरसंबंधातून पसरत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने ते होत नाही आणि आंबट सोडल्याने जातही नाही.

भीतीचे एक मूळ आपल्या भाषेतही आहे. ‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’वरून आला आणि दोन वेगळे आजार लोकांच्या मनात एक झाले. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथली संवेदना कमी झालेली असते. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो आणि तिथे टाचणी टोचली तर नेहमीसारखीच कळते. कुष्ठरोगही आज बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. हिंदू विवाह कायद्यातील घटस्फोटाच्या कारणांतून तो २०१९ साली वगळण्यात आला. कोड तर त्या यादीत नव्हतेच.

टिकली, चप्पल आणि ऊन

काही पांढऱ्या डागांचे कारण घरातच सापडते. चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदातील आणि रबरी चपलेतील काही रसायने रंगपेशींना मारतात. कपाळावर टिकलीच्या जागी किंवा पावलावर चपलेच्या पट्ट्याखाली रंग फिका पडू लागला, तर ती वस्तू ताबडतोब बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा वेळी लवकर थांबणे हाच अर्धा उपचार असतो.

पांढऱ्या भागाला ऊन सोसत नाही. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. शेतात किंवा बांधकामावर जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रुमाल वापरावा. बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याचा घरगुती उपाय अनेकजण करतात. बावचीत प्रकाशाशी क्रिया करणारी द्रव्ये आहेत आणि त्यांवर आधारित उपचार आधुनिक वैद्यकातही आहे. पण मात्रा न मोजता हा प्रयोग केला की त्वचा भाजते, फोड येतात आणि कधी डाग आणखी वाढतो.

‘कोडावर औषध नाही’ हेही अर्धसत्य आहे. मलमे, आठवड्यातून दोन-तीनदा ठरावीक लहरींचे अतिनील किरण, डाग वर्षभर स्थिर असतील तर त्वचारोपण किंवा रंगपेशींचे रोपण, असे उपाय आहेत. रक्सोलिटिनिब या मलमाला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. चेहऱ्यावरचे डाग चांगला प्रतिसाद देतात, ओठ आणि बोटांची टोके हट्टी असतात. उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि रंग परत येईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. ‘महिन्यात गॅरंटीने’ म्हणणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे. कोडासोबत थायरॉइडचा आजार असू शकतो, म्हणून ती तपासणी एकदा करून घ्यावी.

मग लग्नाचे काय?

पहिला प्रश्न होणाऱ्या मुलांचा असतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला कोड असेल, तर शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांना ते होत नाही. मधुमेह कितीतरी जास्त प्रमाणात घराण्यात उतरतो, पण सोयरीक जुळवताना साखर कोणी विचारत नाही.

दुसरा प्रश्न सांगावे की लपवावे हा. डाग कपड्याखाली झाकून लग्न उरकले, तर पुढे तो उघड होतो तेव्हा ‘फसवले’ ही भावना डागापेक्षा मोठी होते. लपवण्याच्या ताणात मुलगी आधीच खचलेली असते. त्यापेक्षा साक्षगंधाआधी मुलामुलीने समोरासमोर बोलावे, शंका असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावे. ही वाट सोपी नाही. काही स्थळे परत जातील. पण जे थांबेल, ते माहीत असून थांबलेले असेल.

२५ जून हा दिवस जगभर कोडविषयक जागृतीसाठी पाळला जातो. मायकल जॅक्सनच्या निधनाचा हा दिवस, त्यालाही कोड होते. बाळापुरात त्यासाठी मोठ्या कार्यक्रमाची गरज नाही. पुढच्या बैठकीत आत्याबाईंनी तो प्रश्न विचारला, तर एखाद्याने मोठ्याने उत्तर द्यावे, ‘‘आहे एक डाग. त्याने काय बिघडते?’’