अखंड यश आणि अपेक्षेचे माप : भारतीय हॉकीच्या संदर्भात

सतत विजयी होणाऱ्या संघाविषयी लोकांच्या मनात जी अपेक्षा निर्माण होते, तिचे स्वरूप वरवर पाहता अगदी साधे भासते. जो आजवर जिंकत आला तो उद्याही जिंकेल, इतकाच तिचा अर्थ. परंतु ही अपेक्षा यशाबरोबर वाढते, तशी यशाबरोबर ओसरत नाही, आणि हाच तिचा विचार करण्याजोगा विशेष होय. प्रस्तुत लेखात भारतीय हॉकी संघाच्या उदाहरणावरून या अपेक्षेची घडण कशी होते व तिचा भार कोणावर पडतो हे पाहावयाचे आहे. अखेरीस अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरण तुलनेसाठी घेतले आहे. त्या गावाचा हॉकीशी संबंध नाही. परंतु सातत्याने यशस्वी ठरलेल्या समूहाने अपेक्षेला आवर कसा घालावा, या प्रश्नाचे एक व्यवहारी उत्तर तेथे सापडते.

मानसशास्त्रात या विषयाची दोन सूत्रे परिचित आहेत. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये असे प्रतिपादन केले की, माणसाचे आत्मसमाधान हे त्याचे यश व त्याची आकांक्षा यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. यश तेच राहूनही आकांक्षा वाढली तर समाधान घटते. पुढे १९३० मध्ये फर्डिनंड होप्पे यांनी प्रयोगांवरून दाखविले की, यशानंतर माणूस आपली आकांक्षापातळी उंचावतो आणि अपयशानंतर ती खाली आणतो. मात्र हे दुसरे सूत्र स्वतः कार्य करणाऱ्यास लागू पडते. खेळाडूला आपल्या दमाची, सरावाची व प्रतिस्पर्ध्याच्या बळाची जाणीव असते. प्रेक्षकाच्या हाती केवळ निकाल येतो. म्हणून त्याची आकांक्षा वर चढते ती निकालाच्या पायरीने, आणि खाली उतरावयास तिला पायरीच उरत नाही.

भारतीय हॉकीचा आरंभ अपेक्षेच्या अभावातच झाला. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला निघालेला संघ प्रस्थानापूर्वी मुंबईच्या संघाकडून ३-२ असा पराभूत झाला होता, आणि मुंबई बंदरावर त्याला निरोप देण्यास अवघी तीन माणसे आली होती. तो संघ पाच सामन्यांत २९ गोल करून, एकही गोल न स्वीकारता सुवर्णपदकासह परतला, तेव्हा त्याच मुंबईत स्वागतासाठी मोठा जनसमुदाय लोटला. येथून अपेक्षेचा जन्म झाला असे म्हणावयास हरकत नाही. १९२८ ते १९५६ या काळात भारताने सहा वेळा लागोपाठ ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. या सहा स्पर्धांत भारताचे गोल १७८ आणि प्रतिपक्षांचे केवळ ७ होते.

परंतु या आकड्यांच्या पोटात दुसरी एक मालिका दडलेली होती. १९३६ साली बर्लिनच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीस ८-१ असे नमविले, १९४८ साली लंडनमध्ये ग्रेट ब्रिटनला ४-० असे, व १९५२ साली हेलसिंकी येथे नेदरलँड्सला ६-१ असे. १९५६ साली मेलबर्न येथे मात्र उपांत्य व अंतिम असे दोन्ही सामने प्रत्येकी १-० अशा निसटत्या फरकाने जिंकले गेले. विजयाचे अंतर एका गोलावर आले होते. पदक मात्र सुवर्णच होते, आणि लोकांनी मोजले ते पदक. १९६० साली रोम येथे पाकिस्तानने भारताला १-० असे हरविले आणि ऑलिंपिकमधील तीस सामन्यांची विजयमालिका संपली. ज्याने केवळ पदके मोजली होती त्याला हा वज्राघात वाटला. ज्याने गोलांचे अंतर पाहिले असते त्याला तो चार वर्षांपूर्वीच दिसू लागला असता.

पुढील काळात साधनांचीच स्थिती पालटली. १९७६ च्या माँट्रियल स्पर्धेपासून ऑलिंपिकमधील हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली जाऊ लागली, आणि आदल्याच वर्षी क्वालालंपूर येथे विश्वचषक जिंकलेला भारत तेथे सातव्या क्रमांकावर घसरला. तरीही सुवर्णपदक हेच आपले स्वाभाविक स्थान, ही समजूत ढळली नाही. १९८० च्या मॉस्को स्पर्धेतील सुवर्णपदकाने तिला नवे बळ दिले. त्या स्पर्धेवर अनेक देशांनी बहिष्कार टाकला होता, ही गोष्ट मागे पडली.

अशा अपेक्षेचा भार अखेर व्यक्तीवर पडतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने अंतिम सामना ७-१ असा जिंकला, तेव्हा गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर कोणत्याही पुराव्याविना देशद्रोहाचा संशय घेतला गेला. संघ दुबळा असू शकतो हे मान्य नसले की, कोणीतरी घात केला असेच मानावे लागते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेले धनराज पिल्ले चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९८ साली भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळविले. तरीही त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप, न मिळालेल्या ऑलिंपिक पदकानेच वारंवार केले गेले.

जेम्स यांच्या गुणोत्तराचा पडताळा पुढे अनपेक्षित रीतीने आला. २००८ साली भारत ऑलिंपिकसाठी पात्रच ठरला नाही आणि २०१२ साली तो शेवटच्या, बाराव्या स्थानी राहिला. त्यानंतर २०२१ साली टोकियोत जर्मनीवर ५-४ अशी मात करून कांस्यपदक मिळाले, तेव्हा देशभर आनंद झाला. हेच कांस्यपदक १९६८ व १९७२ साली अधोगतीची खूण मानले गेले होते. पदक एकच, परंतु त्याखालील छेद बदलला होता. हा छेद लहान होण्यास मात्र अर्धशतक आणि अनेक खेळाडूंची मानहानी खर्ची पडली.

याहून कमी किमतीत हे साधते काय? हिवरे बाजार हे अल्प पावसाचे गाव. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान व पाणलोटाची कामे यांमुळे ते समृद्ध झाले आणि ‘आदर्श गाव’ म्हणून त्याच्याकडे पाहिले जाऊ लागले. अशा गावात, यंदाही पाणी मिळणारच, ही समजूत रुजणे सहज शक्य होते. गावाने तसे होऊ दिले नाही. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पिण्याचे पाणी व गुरांचे पाणी प्रथम राखून उरलेल्या पाण्यावर पिके ठरतात. उसासारखी अधिक पाणी पिणारी पिके व शेतीसाठी कूपनलिका गावाने वर्ज्य केल्या. म्हणजे गावाची अपेक्षा गतवर्षीच्या सुगीवरून ठरत नाही, ती यंदाच्या पावसावरून ठरते.

तुलनेला अर्थातच मर्यादा आहे. गावकरी स्वतःच कर्ते असतात, प्रेक्षक तसा नसतो. म्हणून त्याच्यापुढे ताळेबंद मांडण्याचे कर्तव्य खेळाच्या संघटना व वृत्तपत्रे यांच्याकडे येते. किती मैदाने आहेत, किती मुले खेळतात, विजयाचे अंतर वाढते आहे की घटते आहे, हे त्यांनी पदकाच्या आधी सांगावयास हवे. उच्च अपेक्षा ही स्वतः दोषास्पद नव्हे, कारण तिच्यावाचून एखाद्या वसाहतीतील मुलाला हातात स्टिक घ्यावीशी वाटणार नाही. दोष आहे तो मागील सुगीवरून यंदाचे पाणी गृहीत धरण्यात.