निर्वंश सचिवाचा ग्रंथवारसा : थॉमस अर्स्किन मे आणि वऱ्हाडापर्यंत पोचलेली संसदीय रीत

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील, अडाण नदीकाठच्या बोरी अरब या गावातील कापूस उत्पादकाची तक्रार दिग्रस मतदारसंघाच्या आमदारामार्फत विधानसभेत पोचते, तेव्हा तिला एक ठरावीक वाट चालावी लागते. सदस्याने तिची लेखी सूचना द्यायची, विधानमंडळ सचिवालयाने ती नियमांच्या कसोटीवर तपासायची, अध्यक्षांनी ती स्वीकृत करायची आणि मग ती तारांकित प्रश्न म्हणून छापील यादीत यायची, असा हा क्रम आहे. तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्याने सभागृहात उभे राहून ज्याचे तोंडी उत्तर द्यायचे आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात असा प्रश्न होय. या वाटेवर सूचना तपासणाऱ्या, क्रम लावणाऱ्या आणि निर्णय नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे मतदारांना सहसा माहीत नसतात. तरीही दूरच्या गावातील माणसाचे म्हणणे सत्तेपुढे अडखळल्याशिवाय मांडले जाईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांच्या निःपक्षपाती कामावर अवलंबून असते. या कामाला ग्रंथरूप शिस्त देणारा पुरुष म्हणजे लंडनच्या कॉमन्स सभागृहात 1831 ते 1886 अशी पंचावन्न वर्षे सेवा केलेले सर थॉमस अर्स्किन मे. त्यांचे जीवन, त्यांचे कुटुंब आणि त्यांच्या ग्रंथाचा भारतापर्यंतचा प्रवास यांचा एकत्र विचार केल्यास, सभागृहाचे ज्ञान काही घराण्यांच्या हातून सुटून सर्वांच्या हाती कसे आले, याचा उलगडा होतो.

पद आणि त्यावरची घराणी

कॉमन्स सभागृहाचा ‘क्लार्क’ हा आपल्याकडील विधानमंडळाच्या सचिवासारखा सर्वोच्च सेवक असतो. या पदावरील पहिली ज्ञात नेमणूक 1363 मधील रॉबर्ट द मेल्टन यांची मानली जाते. अध्यक्षांच्या आसनासमोरील मेजाजवळ बसणे, कार्यपद्धतीविषयी सल्ला देणे आणि सभागृहाचे निर्णय नोंदवणे ही या पदाची मुख्य कामे होत. या नोंदीत भाषणांना जागा नसते, केवळ सभागृहाने काय केले एवढेच लिहिले जाते. कारण सभागृहाचा अधिकार त्याच्या निर्णयात असतो आणि पुढील पिढीला पूर्वोदाहरण म्हणून, म्हणजे मागे अशाच प्रसंगी काय ठरले याचा दाखला म्हणून, तो निर्णयच उपयोगी पडतो.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या पदाला खाजगी मालमत्तेचे स्वरूप होते. 1748 मध्ये जेरेमाया डायसन यांनी हे पद सहा हजार पौंड देऊन मिळवले. मात्र आपल्या हाताखालील जागा विकण्याची जुनी चाल त्यांनी बंद केली, आणि म्हणूनच जॉन हॅटसेल यांच्यासारख्या व्यासंगी माणसाला पैसे न मोजता कचेरीत प्रवेश मिळाला. हॅटसेल 1768 पासून 1820 पर्यंत प्रमुख पदावर होते आणि त्यांनी पूर्वोदाहरणांचे संग्रह प्रसिद्ध केले. तरीही नातेसंबंधांचे वर्चस्व पूर्णपणे सरले नव्हते. हॅटसेल यांच्यानंतर 1850 पर्यंत पदावर राहिलेले जॉन हेन्री ले हे ज्या घराण्यातले होते, त्या घराण्यातील माणसे या मेजाभोवती दीर्घकाळ वावरली. सभागृहाच्या प्रथांचे बरेचसे ज्ञान अशा माणसांच्या स्मरणात आणि टिपणवह्यांत राहत असे, त्यामुळे नव्या, ओळखीपाळखी नसलेल्या सदस्याला ते सहज मिळत नसे.

अस्पष्ट जन्म, ग्रंथालयातील उमेदवारी

अशा कचेरीत शिरलेल्या मे यांच्यामागे सांगण्यासारखे घराणे नव्हते. त्यांचा जन्म लंडनजवळील हायगेट येथे 8 फेब्रुवारी 1815 रोजी झाला, परंतु त्यांच्या मातापित्यांविषयी चरित्रकारांना खात्रीशीर पुरावा मिळालेला नाही आणि ‘अर्स्किन’ या नावावरून त्यांचा थोरामोठ्यांशी जोडलेला संबंध तर्कापलीकडे गेलेला नाही. बेडफर्ड येथील शाळेत शिक्षण झाल्यावर, वयाच्या सोळाव्या वर्षी, 1831 मध्ये, तत्कालीन अध्यक्ष चार्ल्स मॅनर्स-सटन यांच्या आश्रयाने ते कॉमन्सच्या ग्रंथालयात साहाय्यक ग्रंथपाल झाले. म्हणजे प्रवेश जुन्या रीतीने, वशिल्यानेच, मिळाला. त्या प्रवेशाचे त्यांनी पुढे जे केले ते मात्र त्या रीतीच्या विरुद्ध दिशेने जाणारे होते.

16 ऑक्टोबर 1834 रोजी वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्याला आग लागली आणि दोन्ही सभागृहांची दालने व कॉमन्सची बरीचशी मूळ कागदपत्रे नष्ट झाली. जे ज्ञान एकाच प्रतीत किंवा थोड्या लोकांच्या स्मरणात असते ते किती असुरक्षित असते, याचा एवढा उघड पुरावा एकोणीस वर्षांच्या ग्रंथपालाला दुसरा मिळणे कठीण होते. 1838 मध्ये ते बॅरिस्टर झाले, 1839 मध्ये लुइसा जोहाना लॉटन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि 1844 मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी संसदेचा कायदा, विशेषाधिकार, कार्यपद्धती आणि प्रथा यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

हा ग्रंथ पूर्वीच्या संग्रहांहून वेगळा ठरला तो त्याच्या मांडणीमुळे. हॅटसेल यांनी दाखले एकत्र केले होते. मे यांनी त्या दाखल्यांमागील तत्त्व शोधून ते प्रकरणवार मांडले, विधेयक कोणत्या टप्प्यांतून जाते, प्रस्तावावर मत कसे घेतले जाते, विशेषाधिकाराचा भंग कशाला म्हणावे, हे क्रमाने समजावले आणि प्रत्येक विधानाला सभागृहाच्या नोंदींचा आधार दिला. त्यांच्या हयातीत या ग्रंथाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या, त्यांपैकी शेवटची 1883 मध्ये. जर्मन, हंगेरियन आणि जपानी भाषांत त्याची भाषांतरे झाली. त्यांच्या पश्चात सभागृहाच्या सचिवालयातील अधिकाऱ्यांनीच त्याचे संपादन चालू ठेवले आणि 2019 मध्ये निघालेली पंचविसावी आवृत्ती सर्वांना विनामूल्य वाचण्यासाठी संगणकावर खुली करण्यात आली.

मेजाजवळची तीस वर्षे

1847 पासून खाजगी विधेयकांच्या अर्जांचे परीक्षक म्हणून काम केल्यावर 1856 मध्ये मे यांची उपप्रमुख सचिवपदी आणि 1871 मध्ये प्रमुखपदी नेमणूक झाली. या काळात त्यांनी 1760 ते 1860 या शंभर वर्षांचा इंग्लंडचा घटनात्मक इतिहास लिहिला आणि 1877 मध्ये युरोपातील लोकशाहीवर दोन खंड प्रसिद्ध केले. या लेखनात त्यांचा उदारमतवादी कल स्पष्ट दिसतो. परंतु मेजाजवळ बसल्यावर दोन्ही बाजूंच्या सदस्यांना सारखाच सल्ला देण्याचे व्रत त्यांनी पाळले. ज्याला स्वतःची मते आहेत आणि तरीही जो ती कामात आणत नाही, त्याची निःपक्षपाती वृत्ती ही कमावलेली असते. म्हणूनच तिचे मोल अधिक.

या वृत्तीची कसोटी आयर्लंडच्या प्रश्नावर लागली. पार्नेल यांच्या नेतृत्वाखालील आयरिश सदस्यांनी नियमांचाच आधार घेऊन कामकाज रोखण्याचे तंत्र अवलंबले. 31 जानेवारी 1881 रोजी सुरू झालेली बैठक एकेचाळीस तासांहून अधिक चालली आणि 2 फेब्रुवारीच्या सकाळी अध्यक्ष हेन्री ब्रँड यांनी स्वतःच्या जबाबदारीवर चर्चा संपवून मत घेतले. त्यासाठी लिखित नियम नव्हता. तो 1882 मध्ये झाला आणि त्यातूनच आज भारतीय सभागृहांना परिचित असलेला चर्चासमाप्तीचा प्रस्ताव रूढ झाला. अल्पसंख्याकांना बोलू देणे आणि बहुसंख्याकांना निर्णय घेऊ देणे या दोन कर्तव्यांत समतोल कसा राखावा, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक सभागृहाच्या सचिवापुढे आहे.

प्रकृतीने साथ सोडल्यावर 1886 च्या एप्रिलमध्ये मे निवृत्त झाले, 10 मे रोजी त्यांना ‘बॅरन फार्नबरो’ ही वंशपरंपरागत सरदारकी मिळाली आणि अवघ्या सात दिवसांनी, 17 मे रोजी, त्यांचे निधन झाले. अपत्य नसल्यामुळे ती सरदारकी त्यांच्याबरोबरच लोपली. पंचावन्न वर्षांच्या सेवेचे जे फळ वंशाला मिळायचे ते कोणालाच मिळाले नाही. जे ग्रंथात उतरले होते ते मात्र समुद्रापार गेले.

वऱ्हाडचा सदस्य आणि दिल्लीचे सचिवालय

1844 मध्ये मे यांचा ग्रंथ निघाला तेव्हा बोरी अरबसह सारा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. 1853 च्या तहाने त्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि 1902 मध्ये तो ब्रिटिशांना कायमच्या पट्ट्याने मिळाला, तरी नाममात्र सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. या गुंतागुंतीचा परिणाम असा झाला की, केंद्रीय विधानसभेवर वऱ्हाडातून मतदारांनी निवडलेला सदस्यही कागदोपत्री सरकारनियुक्त म्हणून दाखवला जाई. वणी येथे 1880 मध्ये जन्मलेले आणि यवतमाळला वकिली करणारे लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे हे याच ‘वऱ्हाड प्रतिनिधी’ या नावाने त्या सभागृहात बसत.

त्या सभागृहात 1925 मध्ये विठ्ठलभाई पटेल हे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले. सभागृहाचे सारे कार्यालय तोवर सरकारच्या विधी विभागाचा भाग होते. म्हणजे अध्यक्षांना सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यांचे वेतन आणि बढती त्याच सरकारच्या हाती होती, ज्याच्या विधेयकांविषयी त्यांनी निर्भीड सल्ला द्यायचा होता. विठ्ठलभाईंनी ही विसंगती मांडली, 22 सप्टेंबर 1928 रोजी मोतीलाल नेहरूंनी मांडलेला ठराव सभागृहाने संमत केला आणि 10 जानेवारी 1929 रोजी स्वतंत्र विधानसभा विभाग अस्तित्वात आला. बापूजी अणे त्या वेळी याच सभागृहाचे सदस्य होते. पुढल्याच वर्षी त्यांनी पुसद भागात जंगल सत्याग्रह केला. सभागृहात राहून त्याचे स्वातंत्र्य मिळवणे आणि बाहेर येऊन कायदा मोडणे ही त्या पिढीला एकाच लढ्याची दोन अंगे वाटत होती.

या परंपरेला स्थैर्य दिले ते गणेश वासुदेव मावळंकर यांनी. मूळचे कोकणातील आणि अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील मावळंकर 1937 पासून मुंबई विधानसभेचे, 1946 पासून केंद्रीय विधानसभेचे आणि 1952 पासून लोकसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या निधनानंतर 1956 मध्ये पत्नी सुशीला मावळंकर आणि पुढे पुत्र पुरुषोत्तम हे लोकसभेवर गेले. अध्यक्षांच्या कुटुंबाला राजकारणाचा हा मार्ग खुला असतो, सचिवाला मात्र आपले पद राखायचे तर राजकारणापासून दूरच राहावे लागते. मावळंकरांच्या काळातील सचिव महेश्वरनाथ कौल आणि त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले श्यामलाल शकधर यांनी 1968 मध्ये भारतीय संसदेच्या कार्यपद्धतीवर बृहद्ग्रंथ सिद्ध केला आणि मे यांनी लंडनसाठी केलेले काम भारतासाठी, भारतीय दाखल्यांच्या आधारे, केले.

राज्यघटनेतील ठसा

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 98 ने संसदेच्या आणि अनुच्छेद 187 ने राज्य विधानमंडळांच्या सभागृहांना स्वतंत्र सचिवालयाची हमी दिली. याखेरीज अनुच्छेद 105 आणि 194 यांत मुळात असे म्हटले होते की, सभागृहांनी स्वतःचा कायदा करेपर्यंत त्यांचे विशेषाधिकार कॉमन्स सभागृहाप्रमाणेच राहतील. विशेषाधिकार म्हणजे सदस्यांना निर्भयपणे बोलता यावे आणि सभागृहाला विनाअडथळा काम करता यावे यासाठीचे संरक्षण. ते नेमके कोणते, हे ठरवण्यासाठी मे यांचा ग्रंथ न्यायालयांनाही उघडावा लागला. 1964 च्या केशव सिंह प्रकरणात उत्तर प्रदेश विधानसभा आणि उच्च न्यायालय समोरासमोर उभे राहिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने या ग्रंथाचा आधार घेतला, पण भारतात अंतिम स्थान लिखित घटनेचे आहे हेही स्पष्ट केले. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कॉमन्स सभागृहाचा उल्लेख वगळण्यात आला. ब्रिटिश दाखला गेला, परंतु कार्यपद्धती लिहून ठेवायची, ती सर्वांना सारखी लावायची आणि ती लावणारा सेवक सरकारच्या अंकित नसावा, ही तत्त्वे राहिली.

वऱ्हाडच्या दृष्टीने या तत्त्वांचे महत्त्व अधिक आहे. मराठी प्रदेश एका राज्यात आणण्यासाठी झालेल्या 1953 च्या नागपूर करारातील अपेक्षेनुसार महाराष्ट्र विधानमंडळाचे एक अधिवेशन 1960 पासून नागपुरात भरू लागले, ते राजधानीपासून दूर असलेल्या प्रदेशाचे प्रश्न जवळून ऐकले जावेत म्हणून. ते ऐकले जाण्याचे साधन म्हणजे प्रश्न, लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधण्याची सूचना, आणि कपात सूचना, म्हणजे मागणीतील रक्कम कमी करण्याच्या निमित्ताने केलेली टीका. ही आयुधे संख्येने दुबळ्या सदस्याच्याही हाती असतात, कारण ती संख्याबळावर नव्हे तर नियमांवर चालतात.

म्हणून विधानमंडळ सचिवालयाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न हा केवळ मुंबईतील अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींचा नसून तो बोरी अरबच्या मतदाराचाही आहे. सचिव सरकारचा मिंधा झाला तर सूचना नाकारण्याची कारणे सापडतात, आणि नियम थोड्यांनाच ठाऊक राहिले तर जुनी घराणेशाही नव्या वेषात परतते. महाराष्ट्र विधानसभेचे नियम मराठीत छापलेले आहेत. ते गावोगावच्या वाचनालयांत असावेत, महाविद्यालयांत शिकवले जावेत आणि आपल्या प्रतिनिधीने कोणते आयुध किती वेळा वापरले याचा हिशेब मतदारांनी मागावा. आईवडिलांचा निश्चित पत्ता नसलेल्या एका माणसाने सभागृहाचे ज्ञान सर्वांच्या मालकीचे केले; ती मालकी बजावणे हे आता नागरिकांचे काम आहे.