कोका जंगलातला ससा आणि दारातला दयाळ

ससा म्हणजे उंदराचा थोरला भाऊ, हा समज एके काळी शास्त्रज्ञांचाही होता. 1912 मध्ये तो उंदरांच्या गणातून वेगळा काढला गेला. वरच्या पटाशीच्या दातांमागे सशाला आणखी एक बारीक जोडी असते, उंदराला नसते. त्याचा गण लॅगोमॉर्फा. पिंजऱ्यातला पांढरा ससाही आपल्या रानसशाच्या वंशातला नव्हे. त्याचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे. पिल्लं उघडी आणि आंधळी. भंडाऱ्याचा रानससा बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो. त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात.

पक्ष्यांबाबत घोटाळा उलटा आहे. गोड गातो तो गायक पक्षी, असं आपण धरतो. पण गायक पक्ष्यांचा गट ठरतो तो स्वरयंत्राच्या रचनेवरून. म्हणून पहाटे छपरावर शीळ घालणारा दयाळ या गटात आहे, कावळाही आहे, आणि कोकिळ मात्र नाही!

खरा धोकादायक गैरसमज वेगळाच आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत दयाळ आणि रानससा दोघेही ‘लीस्ट कन्सर्न’मध्ये आहेत. याचा अर्थ एवढाच, की जाती नामशेष व्हायच्या बेतात नाहीत. मारायला मुभा, असा अर्थ मुळीच नाही. शिकारीला बंदी घालतो तो 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, आणि त्याच्या अनुसूच्या लाल यादीकडे बघून ठरत नाहीत. रानससा पूर्वी चौथ्या अनुसूचीत होता. 2022 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीच शिकार भंडारा जिल्ह्यातल्या कोका अभयारण्यात झाली, तर कैद किमान तीन वर्षांची. ‘ससाच तर मारला’ ही सबब तिथं चालत नाही.

जात सुरक्षित असली तरी गावोगाव ती टिकेलच असं नाही. इंडोनेशियात पिंजऱ्यांच्या बाजारानं जावा बेटावरून दयाळ जवळपास उठवला, तरी जगाच्या यादीत त्याचा शिक्का बदलला नाही.

सशाच्या बाबतीत पिंजऱ्यापेक्षा जमिनीचा प्रश्न मोठा. भंडाऱ्यासह पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली जमीन आहे. ती पडीकच, असं बोललं जातं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीन असल्याचं स्पष्ट केलं. तिथली काटेरी झुडपं आणि उघडं गवत, सशाला लागतं ते हेच.